लेबलावरचे दोन शब्द: अल्ब्युमिन आणि त्याला चिकटलेली मेदाम्लं

लिपिडवर, म्हणजे शरीरातल्या मेदद्रव्यांवर, काम करणाऱ्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये फिकट पिवळसर पुडीची एक बाटली हमखास असते, बोव्हाइन सीरम अल्ब्युमिनची, म्हणजे गाईच्या रक्तातल्या एका प्रथिनाची. लेबलावर बहुधा दोन गोष्टी छापलेल्या असतात: 'फ्रॅक्शन फाइव्ह' आणि 'फॅटी ॲसिड-फ्री' (मेदाम्लमुक्त). पहिली युद्धातून आली. दुसरीला पुढची पंचवीसेक वर्षं लागली, आणि लिपिडवाल्यांसाठी खरी मोलाची तीच.

दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी टिकाऊ रक्तद्रव हवा होता. हार्वर्डमध्ये एडविन कोन यांनी थंड अल्कोहोलची मात्रा, आम्लता आणि तापमान बदलत रक्तद्रवातली प्रथिनं एकेक करून खाली बसवली. पाचव्या टप्प्यावर, ४० टक्के अल्कोहोलमध्ये उणे ५ अंशाला जे बसलं, ते अल्ब्युमिन. गाईचं अल्ब्युमिन माणसांना देऊन पाहिलं, पण प्रतिक्रिया आल्यामुळे ते मागे पडलं आणि प्रयोगशाळांचं झालं. आज कित्येक कारखाने अल्कोहोलऐवजी उष्णतेने ते वेगळं करतात, तरी 'फ्रॅक्शन फाइव्ह' हे नाव सुटलेलं नाही.

१९५६ साली व्हिन्सेंट डोल यांनी, आणि स्वतंत्रपणे रॉबर्ट गॉर्डन व चर्कस यांनी दाखवलं की रक्तातली मुक्त मेदाम्लं हे शरीराचं चालतं इंधन आहे. उपाशीपोटी त्यांचं प्रमाण वाढतं, ग्लुकोज दिलं की उतरतं. पाण्यात जेमतेम विरघळणारी ही मेदाम्लं वाहून नेतं अल्ब्युमिन. मग अडचण उघड झाली: शुद्ध म्हणून आणलेलं अल्ब्युमिन मुळात रिकामं नव्हतंच. शुद्धीकरणात बाकीची प्रथिनं निघून गेली, मेदाम्लं मात्र चिकटूनच राहिली. आधीच भरलेल्या जागांवर नवं मेदाम्ल किती घट्ट बसतं, हे मोजणार कसं?

गुडमन यांनी १९५७ मध्ये आयसो-ऑक्टेन हा द्रावक आणि ॲसेटिक आम्ल वापरून ही चिकटलेली मेदाम्लं धुऊन काढली. पण रोजच्या कामाला सोपी वाट मिळाली ती रेमंड चेन यांच्या १९६७ च्या लेखामुळे. अल्ब्युमिनचं द्रावण बर्फात ठेवायचं, आम्ल घालून पीएच ३ वर आणायचं, कोळशाची पूड टाकून तासभर ढवळायचं, कोळसा काढून पुन्हा उदासीन करायचं. आम्लात प्रथिनाची घडी सैल होते, पकड सुटते, आणि मेदाम्लं कोळशावर जातात. इतकी साधी आणि इतकी नेमकी पद्धत क्वचितच सापडते.

मार्टिन रॉडबेल यांनी १९६४ मध्ये मेदपेशी सुट्या केल्या, तेव्हाही माध्यमात अल्ब्युमिन होतं. पेशींतून सुटणारी मेदाम्लं झेलायला कोणीतरी हवंच. ती मेदाम्लं नेमकी कुठे बसतात हे पुढे, १९९८ मध्ये, अल्ब्युमिनच्या स्फटिकरचनेत दिसलं.

आजही पेशींना पामिटेट (पामिटिक या मेदाम्लाचं क्षाररूप) द्यायचं तर त्याचं गरम केलेलं, साबणासारखं द्रावण ३७ अंशाच्या अल्ब्युमिनमध्ये थेंबथेंब सोडतात. क्षणभर ढगाळ होतं, मग निवळतं. निवळलं नाही तर ते वापरू नये. ढवळायचंही हलक्या हाताने, कारण फेस झाला की प्रथिन बिघडतं. पामिटेट आणि अल्ब्युमिन या दोहोंचं प्रमाणही लिहून ठेवायला हवं, कारण पेशीला जाणवतं ते अल्ब्युमिनपासून सुटं असलेलं मेदाम्ल, एकूण ओतलेलं नव्हे. आणि तुलनेच्या ताटलीत नुसता बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) चालत नाही. तिथेही तेवढंच, त्याच बाटलीतलं, पण पामिटेट न घातलेलं अल्ब्युमिन लागतं.