यादीत नाव नसेल तर ‘चॅलेंज व्होट’ मिळते का?

“यादीत नाव नसले तरी आधार दाखवा आणि ‘चॅलेंज व्होट’ मागा,” हा निरोप लोकसभा-विधानसभेच्या वेळी जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ग्रुपांवर फिरतो. तो खरा नाही.

मत देता येते ते यादीतल्या नावावर. कार्ड फक्त ओळख पटवते, म्हणून मतदार कार्ड हरवले तरी यादीत नाव असेल तर आधार किंवा मनरेगाचे जॉब कार्डही चालते. ‘चॅलेंज’ म्हणजे पोलिंग एजंटने (मतदान केंद्रावर बसलेल्या उमेदवाराच्या प्रतिनिधीने) २ रुपये भरून मतदाराच्या ओळखीवर घेतलेला आक्षेप. आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेले असेल, तर मात्र परत फिरू नका. ओळख पटवा आणि १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतील ४९-पी या नियमानुसार मतपत्रिका मागा. ‘अशी १४ टक्के मते पडली की फेरमतदान’ असेही सांगितले जाते, पण तसे त्या नियमात कुठेही नाही.

सुरतेला कामाला गेलेल्यांनी तर आपले नाव कुठल्या यादीत आहे हे आधीच पाहावे. १९५० वर फोन करा किंवा गावच्या बीएलओला (मतदार यादीचे काम पाहणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला) विचारा. नसेल तर नमुना ६ (नाव नोंदणीचा अर्ज) लगेच भरा, कारण उमेदवारी अर्जांची मुदत संपल्यावर त्या निवडणुकीसाठी नाव घालता येत नाही.