याजकपद आणि राजपद (ख्रिस्ती ईशविज्ञान)

याजकपद आणि राजपद : याजक माणसांच्या वतीने देवासमोर उभा राहतो, राजा देवाच्या नावाने माणसांवर राज्य करतो. ही दोन्ही पदे येशू ख्रिस्तात एकवटली आणि त्याच्यामुळे त्याच्या अनुयायांनाही त्यांत वाटा मिळाला, अशी ख्रिस्ती शिकवण आहे. तिचे मूळ ‘ख्रिस्त’ या शब्दातच सापडते. हे आडनाव नव्हे. हिब्रू ‘मशीहा’चा तो ग्रीक पर्याय असून त्याचा अर्थ ‘अभिषिक्त’ असा आहे. इस्राएलात तेलाचा अभिषेक राजाला होई आणि याजकालाही. क्वचित एखाद्या संदेष्ट्याला, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्याला. मग येशूचा अभिषेक यांपैकी कोणता?

जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपूर्व भागात, ही पदे दोन वंशांत वाटलेली आहेत. याजक लेवी वंशातल्या अहरोनाच्या घराण्यातला, तर राजा यहूदा वंशातल्या दाविदाच्या घराण्यातला. शौल राजाने शमुवेल संदेष्टा येण्याआधीच स्वतः होमार्पण केले, तेव्हा त्याचे राज्य टिकणार नाही असे त्याला सुनावण्यात आले. उज्जीया राजा धूप जाळायला मंदिरात शिरला. ८० याजक त्याला आडवे गेले आणि त्याच्या कपाळावर कोड उठले (२ इतिहास २६). अर्थात ग्रंथ इतका एकसुरी नाही. दाविदाने आणि शलमोनाने यज्ञ केल्याचेही त्यात आहे, आणि त्यांना कोणी बोल लावलेला नाही.

उज्जीयाची कथा कोल्हापूरच्या वाचकाला जरा अडचणीची वाटते. १८९९ साली पंचगंगेवरच्या कार्तिकस्नानाच्या वेळी शाहू महाराजांसाठी वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचे उघड झाले आणि वेदोक्त प्रकरण पेटले. छत्रपतींचा अधिकार कोणता, तो ठरवणार कोण, राजा मोठा की पुरोहित, असे प्रश्न घरोघर पोचले. महाराजांनी राजोपाध्यांची इनामे काढून घेतली आणि १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरूचे नवे पीठ निर्माण केले. ज्यांच्या मनात हा इतिहास आहे, त्यांची सहानुभूती मंदिरातल्या त्या ८० जणांकडे सहजी वळत नाही. दोन्ही प्रसंग सारखे मात्र नाहीत. उज्जीया दुसऱ्याचे काम हाती घेऊ पाहत होता. महाराजांचा आग्रह स्वतःच्या धर्मविधींतील हक्काचा होता. पण अधिकार जन्मावरून ठरवावा का, हा दोन्हींच्या तळाशी असलेला प्रश्न एकच आहे, आणि नव्या कराराने, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या भागाने, नेमका त्यालाच हात घातला.

येशू यहूदा वंशातला. दाविदाचा वारस म्हणून त्याला राजा म्हणता येते, पण याजक कसे म्हणणार? नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्रा’चा लेखक ही अडचण झाकत नाही. त्या वंशाबाबत मोशेने याजकपणाचे काहीच सांगितलेले नाही, हे तो स्वतःच कबूल करतो. उत्तरासाठी तो लेवीच्याही आधीच्या काळात, उत्पत्तीच्या १४व्या अध्यायात जातो. तिथे मलकीसदेक हा शालेमचा राजा भाकर व द्राक्षारस घेऊन अब्राहामाला सामोरा येतो, आशीर्वाद देतो, आणि अब्राहाम त्याला दशमांश देतो. हा परात्पर देवाचा याजकही आहे. त्याचे आईबाप, कुळ, जन्म, मृत्यू यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. ११०व्या स्तोत्रात राजाला ‘मलकीसदेकाच्या परंपरेतला युगानुयुग याजक’ म्हटले आहे. पत्रलेखक हे दोन धागे जोडतो : येशूचे याजकपद वंशावळीवर नव्हे, न संपणाऱ्या जीवनावर उभे आहे. लेवी त्या वेळी अब्राहामाच्या पोटीच होता, म्हणजे त्यानेही मलकीसदेकाला दशमांश दिल्यासारखेच झाले, हा त्याचा पुढचा युक्तिवाद आजच्या वाचकाला वकिली वाटेल. त्या काळच्या शास्त्रार्थात मात्र तो वजनदार होता.

दोन्ही पदे एकाच माणसाकडे असण्याचा अनुभव यहुद्यांना येशूच्या आधीच आलेला होता. हास्मोनी या यहुदी राज्यकर्त्या घराण्यातले प्रमुख याजक इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस स्वतःला राजे म्हणवू लागले, आणि अनेकांना ते रुचले नाही. मृत समुद्राकाठच्या कुमरान पंथाच्या लेखनात तर अहरोनाचा (याजक) आणि इस्राएलाचा (राजा) असे दोन अभिषिक्त अपेक्षिले आहेत. ख्रिस्ती मताने दोन्ही पदे एकत्र आणली, पण त्यांचा अर्थ उलटापालटा करून. या राजाचा मुकुट काट्यांचा आहे आणि ‘यहूद्यांचा राजा’ हा त्याचा किताब वधस्तंभावर तीन भाषांत लावलेला आहे. हा याजक दुसरा बळी आणत नाही, स्वतःच बळी होतो.

‘याजकांचे राज्य’ हे सीनाय पर्वतावर साऱ्या इस्राएलाला दिलेले वचन (निर्गम १९) पेत्राच्या पहिल्या पत्रात ख्रिस्ती मंडळीला लावले आहे. मराठी बायबलात तिथे ‘राजकीय याजकगण’ असा शब्दप्रयोग येतो. आजच्या कानाला ‘राजकीय’ म्हटले की निवडणूक आणि डिजिटल फलक आठवतात. इथे अर्थ आहे राजाचा, राजकुळातला.

या पदांवरून पुढे मतभेद झाले. पोप गेलासियस यांनी ४९४ साली सम्राट अनास्तासियसला लिहिलेल्या पत्रात धर्मगुरूंचा अधिकार आणि राजसत्ता या दोन स्वतंत्र शक्ती मानल्या. १५२० मध्ये प्रॉटेस्टंट सुधारक मार्टिन लूथरने बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजकच आहे, असे ठासून मांडले. ख्रिस्ताची संदेष्टा, याजक व राजा ही तीन पदे सोळाव्या शतकातला दुसरा सुधारक कॅल्व्हिन याने व्यवस्थित मांडली. कल्पना मात्र चौथ्या शतकातला बिशप व इतिहासकार युसेबियस याच्याइतकी जुनी आहे. कॅथलिक परंपरेत बाप्तिस्म्यानंतर पवित्र तेलाचा अभ्यंग करताना याच तीन पदांचा उच्चार होतो. सर्व श्रद्धावंतांचे याजकपद आणि दीक्षित धर्मगुरूंचे याजकपद यांत केवळ प्रमाणाचा नव्हे, तर स्वरूपाचाच फरक आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये सांगितले. ख्रिस्तराजाचा सण मात्र अलीकडचा, १९२५ सालचा. पोप अकरावे पायस यांनी तो सुरू केला.

कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर यांनी १८५२ साली मिशन सुरू केले आणि १८७० मध्ये ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. या परंपरेच्या लघु प्रश्नोत्तरीत, म्हणजे प्रश्नोत्तररूप शिकवणीच्या पुस्तिकेत, ख्रिस्त याजकाचे काम कसे करतो आणि राजाचे कसे, असे दोन वेगळे प्रश्न आहेत. मराठी प्रॉटेस्टंट मंडळीत उपासना चालवणाऱ्याला याजक म्हणत नाहीत, ‘पाळक’ म्हणतात, म्हणजे मेंढरे राखणारा. प्रेस्बिटेरियन रीतीत कारभारात त्याच्या बरोबरीने ‘वडील’ बसतात. पाळकसाहेब प्रभुभोजनाची भाकर मोडतात, पण वेदीवर बळी अर्पण करत नाहीत. ‘याजक’ हा शब्द तिथे ऐकू येतो तो बायबलवाचनात, अहरोनाबद्दल किंवा खुद्द ख्रिस्ताबद्दल.