पार्श्वभूमी: ब्लायनाउ फेस्टिनिओग, स्लेटच्या खाणीतून झिपलाइनपर्यंत

उत्तर वेल्समधल्या ब्लायनाउ फेस्टिनिओगचं नाव निघालं की आता लोकांना झिपलाइन, म्हणजे ताणलेल्या तारेला लटकून खाली सुटायचा खेळ, आठवते, खाणीच्या पोटात टांगलेल्या जाळ्यांवर उड्या मारणारी पोरं आठवतात, सायकलवाले तर तिथल्या उताराच्या ट्रेल्सबद्दल तासभर बोलतील. हे सगळं फार तर गेल्या पंधरा वर्षांतलं. त्याच्या आधी हे गाव फक्त स्लेटचं, म्हणजे आपल्या पाटीच्या दगडाचं होतं आणि एकोणिसाव्या शतकात अर्ध्या युरोपच्या छपरांवर वेल्सचा हा दगड चढला. हॅम्बुर्ग १८४२ च्या आगीत जळालं तेव्हा ते परत उभं करतानासुद्धा इथलीच स्लेट गेली. १८८० च्या आसपास परिसरात अकराएक हजार माणसं राहायची, आज पाच हजारांच्या आत.

खाणकामाबद्दल एक गोष्ट मात्र नीट कळायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. वेल्समधल्या इतर मोठ्या खाणी उघड्या, डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापलेल्या. ब्लायनाउमध्ये दगडाचे थर तिरके जमिनीत शिरतात, त्यामुळे इथे आत शिरूनच काम करावं लागलं आणि डोंगर आतून पोखरत देवळाच्या सभामंडपापेक्षा मोठ्या पोकळ्या तयार झाल्या. कामगार मांडीभोवती साखळीचा वेढा घालून त्या उतरत्या भिंतीला लटकायचा आणि मेणबत्तीच्या उजेडात सुरुंगाचं भोक पाडायचा. मेणबत्त्या आणि दारू त्याच्याच पैशातून. एवढं करून एक टन कामाची स्लेट निघायची आणि तिच्यामागे नऊ-दहा टन राडारोडा. तो टाकणार कुठे, तर गावाच्या डोक्यावर, घरांच्या मागे, जिथे जागा मिळेल तिथे. पाऊस पडला की ते करडे-जांभळे ढिगारे चकाकतात आणि पाऊस तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, त्यामुळे ते बहुतेक वेळ चकाकतच असतात.

हे ढिगारेच पुढे वादाचं मूळ ठरले.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, १९४९ साली. त्यात निकष दोन, एक निसर्गसौंदर्य आणि दुसरा म्हणजे लोकांना मोकळ्या हवेत हिंडायफिरायला मिळणारी संधी. १९५१ च्या ऑक्टोबरमध्ये स्नोडोनियाचं उद्यान जाहीर झालं, दोन हजार चौरस किलोमीटरपेक्षा मोठं, आणि नकाशा काढणाऱ्यांनी ब्लायनाउभोवती एक रेघ ओढून ते गाव बाहेर काढलं. बाहेर म्हणजे कडेला नाही. चहूबाजूंनी उद्यान आणि मधोमध गाव वगळलेलं, मेदूवड्याच्या भोकासारखं. कारण सरळ होतं, ढिगारे. ते सौंदर्यात बसत नव्हते.

माझ्या मते हा निर्णय तेव्हाही चुकीचाच होता आणि त्याचं जे समर्थन केलं जातं ते अर्धवट आहे. समर्थन असं की उद्यानात उद्योगाला जागा नाही, खाणी तेव्हा चालू होत्या, आत घेतलं असतं तर परवानग्यांच्या कटकटीत त्या आणखी लवकर बुडाल्या असत्या. हे ऐकायला बरं वाटतं. पण मग गावाच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर ट्राउसव्हनिथला तलावाच्या काठी अणुवीज केंद्र बांधलं, १९५९ ला काम सुरू, १९६५ ला वीज सुरू, आणि ते चक्क उद्यानाच्या हद्दीत. काँक्रीटच्या त्या दोन प्रचंड इमारती आजही तिथेच आहेत, वीज १९९१ लाच थांबली तरी. म्हणजे अणुभट्टी आत चालते आणि चार पिढ्यांनी हाताने रचलेला दगडाचा ढीग चालत नाही, याला उद्योगाचा निकष कसं म्हणायचं? तो डोळ्यांना काय बरं दिसतं एवढ्यापुरताच निकष होता आणि ते बरंवाईट ठरवणारे लोक तिथे राहणारे नव्हते.

परिणाम काय झाला ते मोजून दाखवता येत नाही पण दिसतो. उद्यानाची पाटी, नकाशा, माहितीपत्रक, सगळीकडे पर्यटकाला डोंगर, तळी आणि किल्ले दाखवले गेले आणि हे गाव म्हणजे वाटेत लागणारी, काचा वर करून ओलांडायची जागा झाली. खाणी तर त्याच काळात एकामागून एक बंद पडत होत्या, घरांवर स्वस्त कौलं आणि सिमेंटचे पत्रे आले होते, युरोपातून दुसरी स्लेट येत होती. जगातली सगळ्यात मोठी भूमिगत स्लेट खाण समजली जायची तीसुद्धा १९७० च्या सुमारास बंद झाली. नेमकं ज्या वीसएक वर्षांत गावाला दुसरा धंदा शोधायची गरज होती त्याच वर्षांत त्याच्यावर "बघण्यासारखं नाही" असा सरकारी शिक्का बसलेला होता.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. हद्दीबाहेर असल्यामुळे गावातल्या बांधकामाच्या परवानग्या उद्यानाकडून घ्याव्या लागत नाहीत, त्या काउंटी, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखी स्थानिक संस्था, देते. डोंगरावर मनोरे उभारून तारा ओढायच्या, खाणीत दिवे आणि जाळ्या बसवायच्या, उतारावर सायकलचे ट्रॅक कापायचे, हे उद्यानाच्या आत एवढ्या सहज झालं असतं असं मला वाटत नाही. म्हणजे ज्या रेघेने गावाचं नुकसान केलं तिनेच साठ वर्षांनी त्याला थोडी मोकळीक दिली. पण म्हणून १९५१ चा निर्णय दूरदृष्टीचा होता असं जे अधूनमधून लिहिलं जातं ते पटत नाही, झिपलाइनचा विचार करून कोणी रेघ ओढली नव्हती.

पर्यटनाची खरी सुरुवात मात्र झिपलाइनने झालीच नाही, ती झाली रेल्वेने. गावापासून पोर्थमॅडॉगच्या बंदरापर्यंत दोन फुटांच्या आसपास रुंदीची छोटी रेल्वे १८३६ पासून होती. भरलेले डबे उतारावरून आपोआप खाली जायचे, सोबत शेवटच्या डब्यात घोडेही बसून जायचे आणि तेच घोडे रिकामे डबे वर ओढून आणायचे, वाफेची इंजिनं १८६३ नंतर आली. १९४६ ला ही रेल्वे बंद पडली. पन्नासच्या दशकात हौशी लोकांनी ती बंदराच्या टोकाकडून परत सुरू करायला घेतली, तेवढ्यात गावाजवळच्या तानग्रिशायला उंचावर पाणी चढवून वीज करायचा प्रकल्प आला, १९६३ ला तो चालू झाला आणि त्याच्या खालच्या तलावात रेल्वेचा एक तुकडा बुडाला. भरपाईसाठी रेल्वेवाल्यांना कोर्टकचेरीत वर्षानुवर्षं भांडावं लागलं. दुसरीकडे स्वयंसेवकांनी, त्यात शनिवार-रविवारी येणारे विद्यार्थी, कारकून असे सगळे, फावडी घेऊन डोंगरातून नवा मार्ग खोदला, मध्ये चढ जमवण्यासाठी रेल्वे स्वतःलाच वळसा घालून स्वतःवरून जाते असा गोल काढला. गाडी परत ब्लायनाउला पोचायला १९८२ उजाडलं. लोक सुट्टी टाकून इथे घाम गाळायला येतात हे गावाने पहिल्यांदा तिथे पाहिलं आणि मला वाटतं नंतरच्या सगळ्या गोष्टींचं बी त्यात आहे.

मधल्या काळात, १९७२ ला, एका चालू खाणीने पर्यटकांसाठी बोगदे उघडले. छोट्या गाडीत बसून आत जायचं, मेणबत्तीच्या उजेडात काम कसं चालायचं ते बघायचं. त्या वेळी गावात खाणीत काम केलेली माणसं हयात होती, त्यांच्या छातीत धूळ बसलेली होती आणि त्यांना भरपाई मिळत नव्हती कारण मालक कंपन्या बंद झालेल्या. त्यासाठी लढा झाला आणि १९७९ ला कायदा झाला. पर्यटनाच्या गोष्टीत हा भाग गाळला जातो, तो गाळू नये. ज्या पोकळीत आज तिकीट काढून उड्या मारल्या जातात तिथली हवा श्वासात घेऊन लोक लवकर गेले.

२००० नंतरचा भाग बहुतेकांना माहीत आहे. २००७ ला गावातल्याच लोकांनी नफा गावात राहावा अशा पद्धतीची एक समाजसंस्था काढली आणि २०१२ ला उताराच्या माउंटन बाइक ट्रेल्स सुरू केल्या, सायकली गाडीत टाकून वर नेतात आणि मग स्लेटच्या ढिगाऱ्यांच्या मधून खाली. ट्रेलच्या पृष्ठभागाला, बांधाला वापरलेला दगड बऱ्याच ठिकाणी तोच टाकाऊ दगड. २०१४ ला बाहेरच्या मोठ्या ऑपरेटरने, १९७२ ला बोगदे उघडलेल्या त्याच खाणीवर, झिपलाइन आणि आतल्या पोकळ्यांमध्ये जाळ्या टांगल्या, पुढे जमिनीखालची झिपलाइनसुद्धा झाली. २०२३ पासून कुमॉर्थिनच्या जुन्या खाणीत, ४१९ मीटर खोल, रात्री झोपायच्या खोल्या आहेत, तिथे पोचायलाच खाणीतून चढउतार करत जावं लागतं. आणि २०२१ च्या जुलैमध्ये वायव्य वेल्सचा स्लेट प्रदेश जागतिक वारसा यादीत गेला, त्यातल्या सहा भागांपैकी एक म्हणजे फेस्टिनिओगच्या खाणी, गाव आणि ती रेल्वे. ढिगाऱ्यांसकट.

आता भांडण वेगळं आहे. गावातले दहातले सात-आठ लोक वेल्श बोलतात, दुकानात, शाळेत, पबमध्ये तीच भाषा, आणि पर्यटनातली बरीच कामं हंगामी आणि कमी पगाराची. किनाऱ्यावरच्या गावांत सुट्टीची घरं घेणाऱ्यांनी भाव इतके चढवले की तरुण पोरं बाहेर पडली. ब्लायनाउमध्ये तेवढं झालेलं नाही, पाऊस आणि ढिगारे यांनी आजवर ते थोपवलं असं तिथे म्हणतात, पण वारसा यादी, उडणारे पर्यटक आणि भाड्याने देता येणारी स्वस्त घरं एकत्र आली की काय होतं ते सगळ्यांना दिसतंय. काउंटीने एप्रिल २०२३ पासून अशा सुट्टीपुरत्या दुसऱ्या घरांवर नेहमीच्या कराच्या वर आणखी दीडपट कर लावला. काहींना तो धंदा मारणारा वाटतो, मला तो उशिरा आलेला वाटतो. बाइक ट्रेलचा पैसा गावातल्या संस्थेत राहतो आणि झिपलाइनच्या तिकिटाचा मोठा वाटा बाहेरच्या कंपनीकडे जातो, दोघांनी नोकऱ्या दिल्यात हे खरं, पण पुढची परवानगी देताना काउंटीने हा फरक विचारात घ्यायचा की नाही यावर गावात मतं एक नाहीत.