अँबॅसिडरचं इंजिन एमजीत कसं आलं?

मुंबईत जुनी एमजीए, म्हणजे ब्रिटिश एमजीची दोन सीटची स्पोर्ट्स गाडी, विकायला निघाली की जाणकार माणूस रंगाकडे बघत नाही, आधी बॉनेट उघडायला सांगतो. आत एसयू कंपनीचे कार्बोरेटर (इंजिनाला पेट्रोल-हवेचं मिश्रण देणारे) दोन आहेत की एकच, इंजिनाच्या नंबराची पट्टी जागेवर आहे का, एवढं पाहिलं की गाडीचा निम्मा इतिहास कळतो. सुरुवातीच्या १५०० सीसीच्या एमजीएचा इंजिन नंबर 'बीपी १५ जीबी' असा सुरू व्हायला हवा. काही गाड्यांत ती पट्टीच नसते, कारण खाली बसलेलं असतं अँबॅसिडरचं इंजिन. विलायतेतल्या शौकिनाला हा धर्मभ्रष्टपणा वाटेल. पण दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली आहेत. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं १४८९ सीसीचं बी-सीरीज इंजिन इंग्लंडमध्ये एमजीएला लागलं आणि तेच कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात हिंदुस्तान मोटर्सच्या अँबॅसिडरला. एमजीएचं मूळ इंजिन निकामी झालं, पार्ट मिळेना, तेव्हा मिस्त्रीने समोर जे होतं ते घेतलं आणि गाडी चालती केली.

आज 'ओरिजिनल' पार्टच्या मागे लागणाऱ्याला म्हणूनच आधी एक हिशेब लावावा लागतो: चुकीचा पार्ट बसला कधी आणि कशापायी? बहुतेक वेळा त्याचं उत्तर गॅरेजात सापडत नाही, दिल्लीच्या आयात धोरणात सापडतं.

स्वातंत्र्याच्या आधी आणि नंतरची काही वर्षं मुंबईला पार्टची ददात नव्हती. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीत जुळणीचा कारखाना काढला होता, फोर्डचंही काम इथेच चाले. वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ ची. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज-प्लिमथ आणि पुढे फियाट निघू लागल्या. हा सगळा संसारी गाड्यांचा मामला. दोन सीटच्या, कापडी हुडाच्या स्पोर्ट्स गाड्या मात्र जहाजातून तयारच उतरायच्या. एमजी टीसी १९४५ ते १९४९ मध्ये जेमतेम दहा हजार बनल्या. टीडी १९५० ते १९५३ मध्ये तीस हजारांच्या घरात गेल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेने उचलल्या. जग्वारची एक्सके १२० लंडनच्या १९४८ च्या प्रदर्शनात आली. यांतल्या थोड्या मुंबईला पोचल्या: संस्थानिकांकडे, गिरणीमालकांकडे, परदेशी कंपन्यांच्या साहेबांकडे. काही जुहूच्या धावपट्टीवर शर्यतीत पळाल्या. पार्ट हवा असेल तर एजंटाकडच्या पार्ट-बुकात नंबर शोधायचा आणि बोटीने माल येईपर्यंत थांबायचं.

हे चक्र १९५३ पासून थांबत गेलं. देशात टप्प्याटप्प्याने पूर्ण गाडी बनवण्याचा कार्यक्रम असेल त्याच कंपन्यांना राहू द्यावं, अशी शिफारस टॅरिफ कमिशनने त्या वर्षी केली. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि आयातीचा फास आणखी आवळला. धान्य आणि यंत्रसामग्रीसाठी पौंड पुरत नसताना कुणाच्या हौसेच्या गाडीच्या कार्बोरेटरसाठी ते सोडायला कोण तयार होणार? त्या धोरणावर टीका करणं आज सोपं आहे, पण त्या वेळच्या अर्थ खात्याला एमजीवाल्यांची काळजी नव्हती यात नवल काही नाही.

उरला तो देशात बनणारा माल. गंमत अशी की भारतात ज्या मोजक्या गाड्या बनत होत्या, त्या बऱ्याचशा ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांच्या भाऊबंद निघाल्या. हिंदुस्तान टेन म्हणजे मॉरिस टेनची सीरीज एम. तिच्याच इंजिनातून एमजी टीसी-टीडीचं १२५० सीसीचं एक्सपीएजी इंजिन विकसित झालं होतं. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सची व्हॅनगार्ड घ्या. ट्रायम्फ टीआर२ चं १९९१ सीसीचं इंजिन म्हणजे व्हॅनगार्डचंच, आतल्या लायनरचा (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीचा) व्यास कमी केलेलं. तीच जात फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरमध्ये होती, त्यामुळे ट्रायम्फचे लायनर शोधणारा माणूस शेती अवजारांच्या दुकानात गेला तरी वेडा ठरत नव्हता. १९६१ पासून मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड ही ट्रायम्फ स्पिटफायरची थोरली बहीण. पुढच्या सस्पेन्शनची रचना तीच. आपल्या मिस्त्रींनी हे नातं कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. दोन पार्ट शेजारी ठेवून, बोटाने चाचपून, कॅलिपर लावून त्यांनी ते जुळवलं.

या नात्याने गाड्या वाचल्या आणि खुणा पुसल्याही. दोन कार्बोरेटर ट्यून करायचं झंझट, त्यात १९७३ नंतर भडकलेलं पेट्रोल. मग एकच कार्बोरेटर आणि अँबॅसिडरचा मॅनिफोल्ड (कार्बोरेटरपासून इंजिनात मिश्रण नेणारी नळ्यांची जोडणी) बसवला की मालकही खूश. काढलेले पार्ट गॅरेजच्या माळ्यावर गेले, तिथून भंगारात.

बोल्टच्या आट्यांची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण एमजीच्या टी मालिकेत (टीसी, टीडी) सगळ्यांत जास्त नुकसान तिथे झालं आहे. एक्सपीएजी इंजिनाचा ८ मिलिमीटरचा बोल्ट हरवला म्हणून नागदेवी स्ट्रीटवरून साधा ८ मिलिमीटरचा बोल्ट आणला, तर तो दोन फेरे आत जातो आणि अडकतो. बाजारातल्या बोल्टच्या आट्यांचं अंतर सव्वा मिलिमीटर, इंजिनातलं एक मिलिमीटर. त्यात पान्याचा घोळ वेगळाच: आटे मेट्रिक, पण बोल्टचं डोकं ब्रिटिश व्हिटवर्थ मापाचं. हा प्रकार आला पहिल्या महायुद्धातून. हॉचकिस या फ्रेंच कंपनीने युद्धकाळात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत मशीनगनचा कारखाना घातला. यंत्रं फ्रेंच मापाची होती. युद्ध संपल्यावर तिथे मॉरिससाठी इंजिनं बनू लागली आणि १९२३ साली मॉरिसने कारखानाच विकत घेतला. आटे पाडणारी यंत्रं बदलणं परवडेना. इंग्रज मेकॅनिककडे पाने मात्र व्हिटवर्थचे. म्हणून बाहेरून इंग्रज, आतून फ्रेंच असा बोल्ट जन्माला आला आणि १९५० च्या दशकापर्यंत टिकला. हे ठाऊक नसलेल्याने जोर लावला की ब्लॉकमधले आटे गेलेच. मग मोठं भोक, नवा टॅप, जाडा बोल्ट. अशा इंजिनात आज मूळ मापाचा बोल्ट मागवूनही उपयोग नसतो. आधी भोकात बुश बसवून जुना व्यास परत आणावा लागतो. हे काम नीट करणारे लेथवाले मुंबईत अजून आहेत, पण ते घाईत सांगितलेलं काम घेत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

विजेच्या सामानात फसगत वेगळ्या तऱ्हेची. ब्रिटिश गाड्यांचे डायनामो, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटर बहुतेक लुकासचे. त्यांच्या अंगावर मॉडेल, पार्ट नंबर आणि बरेचदा बनल्याचा महिना-वर्ष ठोकलेला असतो. गाडी जुलै १९५६ ची आणि डायनामोवर १९५६ च्या आधल्या महिन्यांचा आकडा असेल तर तो कारखान्यातूनच आलेला असण्याची शक्यता दाट. पण १९६१ साली मद्रासला लुकास-टीव्हीएस सुरू झाली आणि लुकासचं नाव असलेला देशी माल सगळीकडे मिळू लागला. चोर बाजारातला दुकानदार "शेठ, लुकास आहे, ओरिजिनल" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पार्ट लुकासचाच असतो, फक्त तुमच्या गाडीचा नसतो. त्याच्या हातातून पार्ट घेऊन उजेडात धरायचा, चिंधीने तेलकट थर पुसायचा आणि आकडा वाचायचा, भाव त्यानंतर.

चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटच्या परिसरात हा माल आला कुठून, याचं एक उत्तर म्हणजे मोडलेली घरं आणि मोडलेली संस्थानं. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि मोटारखाने रिकामे होऊ लागले. परदेशी खरेदीदारांनी भारतातून जुन्या गाड्या नेण्याचा सपाटा लावला, तेव्हा १९५० पूर्वीच्या गाड्या आणि त्यांचे पार्ट देशाबाहेर नेण्यावर बंदी आली. मुंबईत प्राणलाल भोगीलाल यांच्यासारख्या संग्राहकांनी त्या काळात गाड्या गोळा केल्या नसत्या, तर हॉर्निमन सर्कलच्या रॅलीत आज बघायला काय उरलं असतं याची शंकाच आहे. कुर्ल्याचा सीएसटी रोड या कथेत उशिरा येतो. तिथे मुख्यतः फियाट-पद्मिनी आणि नंतरच्या गाड्यांचा माल. स्पोर्ट्स कारवाल्याला तिथे स्विच, हॉर्न, फारतर एखादी काच मिळते.

खरा माल दरम्यान सातासमुद्रापार साठत होता. अल मॉस यांनी १९४८ साली लॉस एंजेलिसमध्ये दुकान काढलं. टीडी अमेरिकेत गेल्या म्हणून त्यांचे पार्टही तिथेच जमले आणि मॉस मोटर्स हे एमजीवाल्यांचं पंढरपूर झालं. ॲबिंग्डनचा एमजी कारखाना १९८० मध्ये बंद पडला. ब्रिटिश मोटर हेरिटेजने जुन्या डाय (पत्र्याचे साचे) शोधून काढल्या आणि १९८८ मध्ये एमजीएनंतर आलेल्या एमजीबीचा सांगाडा नव्याने बनवायला घेतला. भारतात १९९१ नंतर आयात सैल होत गेली आणि मुंबईकराला कॅटलॉगमधून नंबर निवडून पार्ट मागवता येऊ लागला. कस्टम ड्युटी भरताना घाम फुटतो, तो भाग वेगळा.

पण कॅटलॉगमध्ये मिळणारा सगळा माल मूळचा नसतो. बराचसा आज बनलेला असतो. ब्रेकचे रबर, होज, वायरिंग नवंच घ्यावं. डब्यात साठ वर्षं पडून राहिलेलं रबर कितीही 'ओरिजिनल' असलं तरी पेडर रोडच्या उतारावर त्याच्यावर जीव सोपवू नये. डायल, दिवे, कार्बोरेटर, चाकांचे हब जुने दुरुस्त करून घेतलेले बरे, कारण नव्या मालात क्रोमचा पोत आणि अक्षरांची कोर चटकन वेगळी दिसते. टी मालिकेच्या बॉडीची आतली चौकट ॲश लाकडाची असते. ते लाकूड इथे कुठून मिळणार? आपल्या सुतारांनी सागवान वापरलं. सागाची चौकट सरळ आणि घट्ट असेल तर मी ती उपटून काढायला सांगणार नाही. मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसात ती टिकली आहे.

ॲक्सेसरीचा शौक तर सर्वांत घसरडा. मागचं लगेज कॅरिअर, बॅजबार, तारांची चाकं, फॉग लँप हे कारखान्याकडून मागवलेलं होतं, एजंटाने बसवलं होतं की परवा चोर बाजारातून आलं, हे पार्टकडे बघून कळत नाही. त्याला कागद लागतो. एमजीएच्या बाबतीत तो कागद इंग्लंडमध्ये गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मिळतो: चेसिस नंबर, मूळ इंजिन नंबर, रंग, आतलं कापड, कुठल्या देशाला पाठवली आणि कारखान्यात कोणकोणत्या जादा गोष्टी बसवल्या. जग्वारचीही तशी नोंद मिळते. २००८ पासून ती कंपनी टाटांच्या बॉम्बे हाउसच्या ताब्यात आहे, तरी प्रमाणपत्र मागवावं लागतं इंग्लंडहूनच. आणि २०१९ पासून रस्त्यावर दिसणाऱ्या नव्या एमजीच्या शोरूममध्ये टीडीचा वायपर विचारायला जाऊ नये. नाव तेवढं जुनं आहे.

हा कागद आता हौसेपुरता राहिलेला नाही. १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नंबरात 'व्हीए' येतं, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. अँबॅसिडरच्या इंजिनावर चाळीस वर्षं चाललेली एमजीए या अटीत कशी बसवायची, हे राज्याच्या तपासणी समितीपुढे गेल्यावरच ठरणार. तोवर एमजीएचा मालक दोन एसयू कार्बोरेटरांच्या जोडीबरोबरच 'बीपी १५ जीबी'ने सुरू होणारा एक ब्लॉकही शोधत असतो, आणि तो मिळाला तरी त्यावरचा नंबर गेडनच्या कागदावरच्या नंबराशी जुळणार नसतो.