पहिल्या तासातले निदान

१५ डिसेंबर २०१४ रोजी सकाळी पावणेदहाच्या सुमारास सिडनीच्या मार्टिन प्लेस या गजबजलेल्या भागातील लिंट कॅफेमध्ये मान हारोन मोनिस नावाच्या इसमाने बंदुकीच्या धाकावर अठरा जणांना ओलीस धरले. थोड्याच वेळात दूरचित्रवाणीवर कॅफेची काच दिसू लागली. काचेला आतून ओलिसांचे हात टेकलेले होते आणि त्या हातांनी ताणून धरलेल्या काळ्या कापडावर पांढऱ्या अरबी अक्षरांतील मजकूर होता. हा ‘इस्लामिक स्टेट’चा झेंडा आहे, ही बातमी काही मिनिटांत जगभर गेली. प्रत्यक्षात तो त्या संघटनेचा झेंडा नव्हता. त्यावर इस्लामचा कलमा लिहिलेला होता. मोनिसने ज्या मागण्या पुढे केल्या त्यांतली एक तर अशी होती की, आपल्याला इस्लामिक स्टेटचा झेंडा आणून द्यावा. जी वस्तू त्याच्या हातात आहे असे धरून बाहेरचे लोक त्याच्या हेतूचा निर्वाळा देत होते, तीच वस्तू तो आत बसून मागत होता.

हा वेढा सोळा तासांहून अधिक काळ चालला. शेवटी दोन ओलीस मृत्युमुखी पडले, एक मोनिसच्या गोळीने आणि एक पोलिसांच्या गोळीचे तुकडे लागून. मोनिसही मारला गेला. त्यानंतर त्याचा पूर्वेतिहास पुढे आला, आणि तो कोणत्याही एका खान्यात बसणारा नव्हता. तो १९९६ मध्ये इराणमधून ऑस्ट्रेलियात आला होता. अफगाणिस्तानात मरण पावलेल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या कुटुंबीयांना अपमानास्पद पत्रे पाठवल्याबद्दल त्याला शिक्षा झाली होती, आणि त्या प्रकरणातला त्याचा अर्ज सर्वोच्च पातळीवर वेढ्याच्या तीनच दिवस आधी फेटाळला गेला होता. पूर्वपत्नीच्या खुनात साथ दिल्याचा आणि लैंगिक अत्याचाराचे चाळीसहून अधिक आरोप त्याच्यावर होते, तरीही तो जामिनावर मोकळा होता. कधी त्याने आध्यात्मिक उपचारक म्हणून व्यवसाय केला, कधी मोटरसायकलस्वारांच्या टोळीत शिरण्याचा प्रयत्न केला आणि तिथूनही त्याला बाहेरची वाट दाखवली गेली.

या प्रकरणाच्या न्यायिक चौकशीचा अहवाल २०१७ मध्ये आला. त्यातली भूमिका मला फार महत्त्वाची वाटते. मोनिस खरोखरच इस्लामिक स्टेटच्या विचाराने पेटला होता, की आपला दबदबा वाढवण्यासाठी त्याने त्या संघटनेचे भयंकर नाव उसने घेतले, हे तज्ज्ञांच्या साक्षी ऐकूनही स्पष्ट होत नाही, असे अहवालाने नोंदवले. सरकारवर किंवा लोकमतावर प्रभाव पाडण्यासाठी त्याने हिंसा केली एवढे मात्र निश्चित असून, तेवढ्यावरून हे कृत्य दहशतवादाच्या व्याख्येत बसते, असेही त्यात म्हटले आहे. तज्ज्ञांना अडीच वर्षे चौकशी करूनही ज्या प्रश्नाचे अर्धेच उत्तर मिळाले, त्याचे पूर्ण उत्तर जनतेने पहिल्या तासातच देऊन टाकले होते. हे असे का घडते, याचा सामाजिक मानसशास्त्राने बऱ्यापैकी छडा लावलेला आहे.

१९६७ मध्ये एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूने आणि विरोधात लिहिलेले निबंध वाचायला दिले. कोणती बाजू मांडायची हे लेखकाला नेमून दिले होते, असे स्पष्ट सांगूनही वाचकांनी निबंधातले मत हे लेखकाचे स्वतःचेच मत असावे, असा कौल दिला. माणसाच्या कृतीमागची परिस्थिती बाजूला सारून ती कृती थेट त्याच्या स्वभावातून निघाली असे मानण्याच्या या सवयीला ली रॉस यांनी १९७७ मध्ये ‘मूलभूत गुणारोपण दोष’ म्हटले. दोन वर्षांनी थॉमस पेटिग्रू यांनी ही कल्पना समूहांना लावली. परक्या गटातील माणसाने वाईट कृत्य केले की ते त्या गटाच्या मूळ स्वभावाचे लक्षण ठरते. आपल्या गटातील माणसाने तेच केले की परिस्थिती, आजार, अन्याय अशी कारणे शोधली जातात.

३० ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत पवई येथे एका स्टुडिओत सतरा मुलांना आणि दोन प्रौढांना एका माणसाने ओलीस धरले, तेव्हा हा दोष नाशिकमध्ये बसून पाहता आला. गंगापूर रोडवरील आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात त्या दुपारी आलेले संदेश मी नंतर क्रमाने वाचून काढले. पहिला प्रश्न मुलांविषयीचा नव्हता. ‘नाव कळले का?’ असा होता. नाव कळेपर्यंत गटात ‘अतिरेकी’ हा शब्द सर्रास वापरला जात होता. नाव आल्यावर तो शब्द मागे पडला आणि ‘माथेफिरू’ आला. संध्याकाळी त्या माणसाची चित्रफीत फिरू लागली. त्यात तो आपण दहशतवादी नसल्याचे आणि आपल्या मागण्या नैतिक असल्याचे सांगत होता. शिक्षण खात्याच्या एका उपक्रमाचे पैसे थकल्याची त्याची तक्रार होती आणि शासनाचे म्हणणे निराळे होते, हेही बाहेर आले. मग गटातील एका काकांनी लिहिले, ‘बिचाऱ्याला व्यवस्थेने वेडा केला.’ मुले तोवर सुखरूप सुटली होती आणि पोलिसांच्या गोळीने तो माणूस मरण पावला होता. घडलेले कृत्य दुपारपासून संध्याकाळपर्यंत तेच होते. मुलांच्या दृष्टीने तर त्यात कणभरही फरक पडलेला नव्हता.

हा अनुभव केवळ आमच्या सोसायटीपुरता नाही. कॉनर हफ आणि जोशुआ कर्टझर या राज्यशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकन नागरिकांना काल्पनिक हल्ल्यांची वर्णने दिली आणि त्यांतील एकेक तपशील बदलत नेला. हल्ल्याचा प्रकार आणि मृतांची संख्या यांचा लोकांच्या निर्णयावर परिणाम होत होताच. पण हल्लेखोर कोण आहे आणि त्याचा हेतू काय सांगितला आहे, यावरूनही तेच कृत्य दहशतवाद ठरत होते किंवा ठरत नव्हते. एरिन कर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील २००६ ते २०१५ या काळातील हल्ल्यांच्या बातम्या मोजल्या, तेव्हा इतर बाबी सारख्या धरूनही हल्लेखोर मुस्लिम असलेल्या घटनांना सरासरी ३५७ टक्के अधिक प्रसिद्धी मिळाल्याचे दिसले. वाचकाच्या मनात कोणता हल्ला ‘नेहमीचा’ म्हणून ठसेल, हे अशा प्रसिद्धीतूनच ठरत जाते.

घाईच्या निदानाची किंमत नाशिक जिल्ह्याला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. मालेगावात सप्टेंबर २००६ मध्ये झालेल्या स्फोटांनंतर नऊ मुस्लिम तरुण पकडले गेले. पुढे तपासाची दिशाच बदलली आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्या आरोपींना खटल्यातून मुक्त केले. सप्टेंबर २००८ मधील स्फोटाच्या खटल्यात आरोपी हिंदू होते. त्या सातही जणांना ३१ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने निर्दोष सोडले. हे हल्ले एकट्यादुकट्याचे किंवा ओलीस धरण्याचे नव्हते हे खरे; पण दोन्ही वेळी लोकांचे निष्कर्ष आरोपपत्राच्या कितीतरी आधी तयार होते, आणि निकालानंतरही ते फारसे हलले नाहीत.

घाई नेहमी ‘अतिरेकी’ म्हणण्याच्याच दिशेने होते, असे मात्र समजू नये. १५ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात कॉलीव्हिल येथे मलिक फैसल अक्रम या ब्रिटिश नागरिकाने ज्यूंच्या प्रार्थनास्थळात चार जणांना ओलीस धरले. आफिया सिद्दिकी या कैदेत असलेल्या महिलेची सुटका ही त्याची मागणी होती. सुमारे अकरा तासांनी सारे ओलीस वाचले. त्या रात्री तपास यंत्रणेच्या एका अधिकाऱ्याने ही मागणी विशेषतः ज्यू समाजाशी निगडित नसल्याचे सांगितले आणि संतापाची लाट उसळली. सिद्दिकीची सुटका घडवण्यासाठी ज्यूंचे प्रार्थनास्थळ निवडण्यामागे ज्यूच अमेरिका चालवतात हा जुना द्वेषमूलक समज होता, हे ओलिसांनीच नंतर सांगितले. यंत्रणेलाही लवकरच आपली भाषा बदलून हा ज्यू समाजावरचा दहशतवादी हल्ला असल्याचे म्हणावे लागले. अक्रमला मानसिक त्रास होता असे त्याच्या भावाने सांगितले, तेही खोटे मानण्याचे कारण नाही. एक कारण सापडले की दुसरे रद्द होते, हे गणित इथे चालत नाही.

एकांड्या हल्लेखोरांवरील संशोधन नेमके हेच दाखवते. पॉल गिल, जॉन हॉर्गन आणि पेज डेकर्ट यांनी २०१४ मध्ये अशा ११९ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यात एकच एक साचा सापडला नाही. सुमारे एक तृतीयांश जणांना मानसिक आजाराचा इतिहास होता, याचा दुसरा अर्थ दोन तृतीयांशांबाबत तशी नोंद नव्हती. नोकरी जाणे, अपमान, कोर्टकचेरीत झालेला पराभव, तुटलेले नाते अशी खासगी तक्रार आणि जगाला दोषी ठरवणारी एखादी विचारसरणी यांची सरमिसळ मात्र वारंवार दिसली. तक्रार माणसाची स्वतःची असते; विचारसरणी तो बहुधा तयार कपड्यासारखी बाजारातून उचलतो, आणि मोनिसने तर ती बेतून घेण्याइतकाही वेळ घेतला नव्हता. घटनेच्या काही दिवस आधीच त्याने पंथ बदलल्याचे आपल्या संकेतस्थळावर जाहीर केले होते. म्हणून विचारसरणी निर्दोष ठरते असे नव्हे. खासगी रागाला लक्ष्य पुरवण्याचे आणि त्या रागाला पराक्रमाचा मुलामा देण्याचे काम तीच करते.

जनतेच्या भीतीचेही मोजमाप झालेले आहे. २०१३ मधील बॉस्टन मॅरेथॉनच्या स्फोटांनंतर ॲलिसन होल्मन आणि सहकाऱ्यांनी साडेचार हजारांहून अधिक अमेरिकन प्रौढांची पाहणी केली. त्यानंतरच्या आठवड्यात दररोज सहा तास किंवा अधिक काळ स्फोटाच्या बातम्या पाहणाऱ्यांनी, स्फोटाच्या प्रत्यक्ष जागी असलेल्यांपेक्षाही अधिक तीव्र ताणाची लक्षणे सांगितली. सप्टेंबर २००१ नंतर विमानप्रवास टाळून अमेरिकन लोक मोटारीने फिरू लागले, आणि त्यामुळे वर्षभरात सुमारे पंधराशे जादा मृत्यू रस्त्यांवर झाले, असा गेर्ड गिगरेन्झर यांचा अंदाज आहे. आपल्याकडे भीतीने आणखी वेगळे रूप घेतले. मुले पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सॲपवरील अफवेमुळे १ जुलै २०१८ रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे भिक्षुकी करणाऱ्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच सुमारास मालेगावात अशाच जमावाच्या तावडीतून एका कुटुंबाला पोलिसांनी कसेबसे सोडवले. खोटी बातमी खऱ्या बातमीपेक्षा अधिक दूर आणि अधिक वेगाने जाते, हे त्याच वर्षी सोरूश वोसुघी, देब रॉय आणि सिनान अराल यांनी ट्विटरवरील सुमारे १,२६,००० बातम्यांच्या प्रवासावरून दाखवून दिले होते. ती पसरवणारी प्रामुख्याने यंत्रे नव्हती, माणसेच होती. आश्चर्य आणि किळस वाटायला लावणारा मजकूर माणसे अधिक हौसेने पुढे पाठवतात.

सिडनीत मात्र त्याच दिवशी उलट दिशेचीही एक प्रतिक्रिया उमटली. बुरखा किंवा हिजाब घालणाऱ्या स्त्रियांना बस-रेल्वेत एकटे वाटू नये म्हणून ‘मी तुमच्यासोबत प्रवास करेन’ अशा अर्थाचे संदेश लाखाच्या घरात लिहिले गेले. त्यावर काहींनी टीका केली की, ओलीस अजून आत असताना सहानुभूती भलत्यांनाच दिली जात आहे. ही टीका मला पटत नाही. राईनपाड्याची बातमी वाचलेल्या माणसाला तर ती पटणे कठीणच आहे.

घटना घडून गेल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: पोलिसांना आधी कसे कळले नाही? सिडनीत वेढ्याच्या आधीच्या आठवड्यात मोनिसच्या फेसबुक पानाबद्दल राष्ट्रीय सुरक्षा हेल्पलाइनवर अठरा फोन आले होते. त्या पानाची तपासणी झाली आणि त्यात तातडीच्या हल्ल्याची सूचना आढळली नाही. अक्रमचीही ब्रिटनच्या गुप्तचर यंत्रणेने २०२० मध्ये चौकशी केली होती आणि त्याच्यापासून धोका नाही असे ठरवले होते. नाशिक शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १५ लाखांच्या आसपास होती. त्यांत खरोखर घातक असे १५ जण आहेत आणि ९९ टक्के वेळा अचूक ठरणारी एखादी चाचणी आपल्या हाती आहे, असे घटकाभर मानू. ती चाचणी त्या पंधरांना बहुधा पकडेल. पण उरलेल्या निरुपद्रवी लोकांपैकी एक टक्का, म्हणजे सुमारे १५,००० जणांनाही ती घातक ठरवेल. संशयिताच्या यादीतील दर हजारांत खरा घातक माणूस एकच असेल. अशी अचूक चाचणी तर कोणाकडेच नाही, आणि धर्म, आडनाव किंवा दाढी हे निकष त्या चाचणीच्या जवळपासही पोहोचत नाहीत.

गिल यांच्या अभ्यासातला आणखी एक आकडा यापेक्षा अधिक उपयोगाचा आहे. सुमारे ८२ टक्के प्रकरणांत हल्लेखोराची तक्रार इतर कोणाला तरी आधीपासून ठाऊक होती, आणि सुमारे ६४ टक्के प्रकरणांत त्याचा हिंसेचा इरादा घरच्यांना किंवा मित्रांना ठाऊक होता. हे आकडे हल्ला करून मोकळे झालेल्यांचे आहेत. रागाच्या भरात तसेच बोलून नंतर शांत झालेले असंख्य लोक त्यांत मोजलेले नाहीत, हे विसरून चालणार नाही. म्हणूनच धोक्याचा अंदाज घेणारे तज्ज्ञ माणसाच्या मतांपेक्षा त्याच्या ठोस पावलांकडे अधिक पाहतात: शस्त्र मिळवणे, जागेची पाहणी करणे, निरवानिरव करणे, घरातील व्यक्तीवर हात उचलणे. मोनिसच्या बाबतीत अशा पावलांची कागदोपत्री नोंद होती, पण ती दहशतवादविरोधी पथकाच्या कपाटात नव्हती. ती पूर्वपत्नीच्या खुनाच्या आणि लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांच्या कागदांत होती, आणि त्याच्या जामिनाचा प्रश्न सरकार पक्षाने ज्या रीतीने हाताळला त्यावर चौकशी अहवालाने स्पष्ट ठपका ठेवला.