आधी जेवणाचं बघा: महाराष्ट्रातल्या शिष्यवृत्त्या कुठून आल्या

सध्या ॲडमिशनचा सीझन आला की जो तो विचारतो, फी माफ होते का, किती टक्के होते. बरोबरच आहे, पण जुन्या लोकांना विचारा, ते फीबद्दल फारसं बोलतच नाहीत, ते सांगतात जेवायचे कसे हाल झाले ते. गाव सोडून शिकायला आलेल्या पोराचा खरा प्रश्न कायम तोच होता, राहायचं कुठं आणि खायचं काय.

पुण्यात पूर्वी वार लावायची पद्धत होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार लागले की पोरगं सुटलं, एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी उपास. माधुकरी मागणारेही होते. आता हे ऐकायला गोड वाटतं, पण हे वार मिळायचे कुणाला? मुख्यतः ब्राह्मण मुलांना, कारण पंगतीला बसवायचं म्हणजे जात आलीच. कुणबी, मराठा, लिंगायत पोरांना कोण वार देणार होतं, आणि अस्पृश्य मुलांचा तर प्रश्नच नव्हता.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी नेमकं हेच हेरलं. आधी त्यांनी सगळ्या जातींचं एकत्र वसतिगृह करून बघितलं पण ते चाललं नाही, मग १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, पुढे मुस्लिम, लिंगायत, आणि १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार वसतिगृहं काढली म्हणून आजही कुणी नाक मुरडतं, पण मला वाटतं त्या काळात एका पंगतीचा आग्रह धरला असता तर पोरं उपाशीच राहिली असती.

एकत्र पंगत नंतर भाऊराव पाटलांनी करून दाखवली. रयत शिक्षण संस्था १९१९ ची, कराडजवळच्या काले गावातली, आणि १९२४ पासून साताऱ्यात बोर्डिंग, तिथं सगळ्या जातीची मुलं एकत्र राहायची, स्वतः स्वयंपाक करायची, शेतात राबायची. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. ‘कमवा आणि शिका’ हे आता विद्यापीठात फॉर्म भरून, बागेत नाहीतर लायब्ररीत काम करून तासाचे पैसे घ्यायची योजना म्हणून माहीत आहे, त्याचं मूळ या बोर्डिंगात आहे. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समितीही १९५५ पासून खेड्यातल्या मुलांच्या राहण्याजेवणाचंच बघतेय.

परदेशी शिकायला जाण्याची गोष्ट वेगळी, तिथं पैसा मोठा. बाबासाहेबांना १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंड दिले, ३ वर्षांसाठी, आणि बदल्यात १० वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायचा करार. मुदत संपली तसं लंडनचं शिक्षण अर्धं टाकून परत यावं लागलं. नंतर सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, पारशी मित्र नवल भथेनांकडून ५००० रुपये उसने घेतले, तेव्हा १९२० ला पुन्हा जाता आलं. एखाद्या राजाची मर्जी असेल तर शिकायचं, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं, म्हणून व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेल्यावर त्यांनी सरकारकडे शिष्यवृत्तीसाठी धोशा लावला. मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ ची आहे, आज ‘पोस्ट मॅट्रिक’ म्हणून पोरं जिचा फॉर्म भरतात तीच.

मग ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास मुलांची फी सवलत. १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने जात न बघता उत्पन्नावर फी माफ केली, पुढे १२०० रुपयांच्या आत वार्षिक उत्पन्न ही मर्यादा लोकांच्या तोंडी बसली. तलाठ्याकडे दाखल्यासाठी खेटे घालायची सुरुवात तिथूनच म्हणा. काम मोठंच झालं, पण इथून पुढे मदत म्हणजे फी असं समीकरण झालं आणि जेवण मागं पडलं. आताही २०२४-२५ पासून मुलींना प्रोफेशनल कोर्सची शिकवणीची आणि परीक्षेची फी पूर्ण माफ आहे, ८ लाखांच्या आत उत्पन्न आणि कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, ॲडमिशन पाहिजे, पण रूमचं भाडं आणि मेस घरच्यांनीच बघायची.

जेवणाचा हिशोब परत कागदावर आला तो २०१६-१७ च्या स्वाधार योजनेत. सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी ती आहे, पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये, त्यातले ३२,००० जेवणाचे, २०,००० राहण्याचे, ८,००० वरखर्चाचे. म्हणजे महिन्याला जेवायला २,७०० च्या आतच. आणि हे पैसे आधार ज्या बँक खात्याला जोडलेलं असेल तिथंच जातात. आमच्या ओळखीतल्या एका पोराचं आधार शाळेत असताना गावाकडं उघडलेल्या खात्यालाच जोडलेलं राहिलं होतं, हा इकडं नव्या खात्याचं ॲप उघडून रोज बघतोय आणि पैसे तिकडं पडून. मेसवाल्याने तोवर ३ महिने उधारीवर जेवू घातलं.