कपडे बघून जागा: याकोबाच्या दुसऱ्या अध्यायामागची पार्श्वभूमी

अनोळखी माणसाला दिसण्यावरून जोखू नये हे ख्रिस्ती घरात सगळ्यांना पाठच असतं. शमुवेल दाविदाच्या उंचपुऱ्या भावांकडे बघून कसा फसत होता ते माहीत असतं, चांगला शोमरोनी माहीत असतो, त्यामुळे त्या गोष्टी इथं परत सांगत नाही. पण चर्चच्या इतिहासात हा विषय जेव्हा जेव्हा पेटला ना, तेव्हा तो बहुतेक वेळा बसायच्या जागेवरून पेटलाय. कोण पुढं, कोण मागं, कोण उभं, आणि हे ठरवणारा दाराशी कोण.

सुरुवात नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रातच आहे, दुसरा अध्याय. दोन माणसं आत येतात. एकाच्या बोटात सोनं, अंगावर झगझगीत कपडे, दुसरा गरीब आणि मळक्या कपड्यातला. पहिल्याला 'या, इथं नीट बसा', दुसऱ्याला 'तू तिथं उभा राहा, नाहीतर इथं माझ्या पायांपाशी बस'. (ग्रीकमध्ये तू आणि तुम्ही असा आदराचा फरक नाहीये, पण मराठीत सांगायला गेलं की तो आपोआप येऊन बसतो, यातच सगळं आलं.) अंगठीवाल्यासाठी जो शब्द वापरलाय तो शब्दशः 'सोनेरी बोटांचा' असा आहे आणि रोमन समाजात सोन्याची अंगठी ही वरच्या दर्जाची खूण होती, म्हणजे दाराशी उभ्या माणसानं सगळ्यात आधी बघितली ती बोटं.

आता या उताऱ्यातल्या मुख्य शब्दाचा गुंता, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. ग्रीक शब्द प्रोसोपोलेम्प्सिया. प्रोसोपोन म्हणजे चेहरा आणि दुसरा भाग 'घेणं' या क्रियापदातून आलेला. 'चेहरा घेणं' ग्रीक माणसालाही विचित्रच वाटलं असणार, कारण मुळात ते हिब्रू बोलणं आहे, नासा पानीम, चेहरा वर उचलणं. चित्र असं की विनंती करणारा जमिनीकडे तोंड करून पडलेला आहे, वरिष्ठानं त्याचं तोंड वर उचललं की समजायचं काम झालं. यात वाईट काहीच नाही, उत्पत्तीच्या 19 व्या अध्यायात लोटाची विनंती मान्य होते तेव्हा हेच शब्द येतात. पण हेच न्यायाधीश करायला लागला, समोरच्याचं म्हणणं ऐकायच्या आधी तोंड बघून निकाल द्यायला लागला, की तो गुन्हा. पुढं लॅटिनमध्ये चेहऱ्याच्या जागी 'पर्सोना' आलं आणि 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये ते 'रिस्पेक्ट ऑफ पर्सन्स' झालं, जे आज कोणी नुसतं वाचलं तर माणसांचा आदर करू नका असंच वाटेल! मराठीत आपण पक्षपात म्हणून मोकळे होतो. चुकीचं नाही ते, पण पक्षपात म्हटलं की निवड समिती आणि वशिला डोळ्यासमोर येतो, चेहरा कुठंतरी निसटतो. 'तोंड पाहून वागणं' हे माझ्या मते मूळ शब्दाच्या जास्त जवळ जातं.

आणि एक गोष्ट जी प्रवचनात सोयीस्करपणे राहून जाते. जुन्या करारातल्या लेवीय 19:15 मध्ये हा नियम दोन्ही बाजूंनी आहे. न्याय करताना मोठ्याची भीड धरू नका, आणि गरिबाचीही बाजू केवळ तो गरीब आहे म्हणून घेऊ नका. म्हणजे मळके कपडे बघून 'हा नक्की प्रामाणिक असणार' म्हणणं हेसुद्धा तोंड बघणंच झालं.

याकोबाच्या उताऱ्यावर अभ्यासकांचा खरा वाद आहे तो हा की ही दोन माणसं अनोळखी आहेत का. नेहमीचं वाचन असं की दोघंही पाहुणे आहेत, कारण रोजच्या माणसाला कुठं बसायचं हे सांगावं लागत नाही. दुसरं मत असं की ही उपासना नाहीच, हा मंडळीपुढं आलेला खटला आहे आणि दोघं वादी-प्रतिवादी, मंडळीतलेच. उतारा ज्याला सभा म्हणतो तो ग्रीक शब्द 'सिनागोग' आहे (यहुद्यांची सभा, जिथं न्यायनिवाडेही व्हायचे), पुढं 'न्याय करणारे' असा उल्लेख आहे, आणि यहुदी न्यायपरंपरेत अगदी हाच नियम सापडतो, एका पक्षकाराला बसवून दुसऱ्याला उभं ठेवायचं नाही. तालमूदमध्ये, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, तर आणखी पुढं जाऊन म्हटलंय की एक जण चिंध्यांत आणि दुसरा शंभर मिना (जुनं मोठं नाणेमाप) किमतीच्या वस्त्रात आला तर श्रीमंताला सांगायचं, एकतर त्याच्यासारखे कपडे घाल नाहीतर त्याला तुझ्यासारखे घाल. मला हे खटल्याचं वाचन बरंच पटतं. पण ते मान्य केलं तर 'अनोळखी माणसाचं स्वागत' या विषयाचा सगळ्यात लाडका उतारा हातातून जातो, म्हणून मंडळ्यांमध्ये ते फारसं चालत नाही. असो. पाहुणा म्हणा नाहीतर पक्षकार म्हणा, आपण बोलणार आहोत तो अन्याय जागेचाच आहे.

मधला हजार-बाराशे वर्षांचा काळ पटकन. सुरुवातीच्या मंडळ्या काही भाबड्या नव्हत्या. डिडाखे नावाच्या अगदी जुन्या नियमपुस्तिकेत फिरत्या प्रेषिताला प्रभूसारखं घरात घ्या असं आहे आणि लगेच पुढं, तो तीन दिवस राहिला किंवा पैसे मागितले तर तो खोटा. म्हणजे आत घेताना तपासणी नाही, नंतर वागणूक बघायची. तिसऱ्या शतकात सीरियातल्या एका नियमावलीत बिशपला सांगितलंय की उपासना चालू असताना कोणी प्रतिष्ठित आला तर बोलणं थांबवून त्याची व्यवस्था करत बसू नको, पण गरीब म्हातारा किंवा म्हातारी आली, गावची असो की परकी, आणि जागा नसेल, तर आपली जागा दे, स्वतः जमिनीवर बसावं लागलं तरी. सहाव्या शतकातल्या प्रसिद्ध मठ-नियमात दाराशी एक शहाणा म्हातारा बसवलेला आहे, कोणी दार ठोठावलं की त्यानं 'देवाचे आभार' म्हणायचं. कोण आलंय हे कळायच्या आधीच! पण तोच नियम म्हणतो की आलेल्यासोबत आधी प्रार्थना करा, मग शांतीचं चुंबन, कारण सैतान फसवू शकतो. तिथंच एक टोमणाही आहे, श्रीमंताला मान मिळवून द्यायला त्याचा धाकच पुरतो, म्हणून जास्त काळजी गरिबांची आणि यात्रेकरूंची घ्या. तेराव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या धर्मपंडितानं मग तडजोड काढली, श्रीमंताचं समाजात वरचं स्थान आहे म्हणून मान द्यायला हरकत नाही, फक्त पैसा आहे म्हणून दिला तर पाप. प्रॅक्टिकली दाराशी उभ्या माणसाला हा फरक कसा कळणार ते त्यांनाच माहीत.

आता एकोणिसावं शतक, कारण खरा घोळ तिथं झाला. मध्ययुगात चर्चमध्ये लोक बरेचसे उभेच असायचे. धर्मसुधारणेनंतर प्रवचनं लांबली, पक्के लाकडी बाक सगळीकडे आले, आणि बाक आला की तो कोणाचा हा प्रश्न आला. इंग्लंड-अमेरिकेत बाक भाड्यानं किंवा विकत दिले जायचे, अमेरिकेत तर काही ठिकाणी लिलाव व्हायचा, जागा जितकी चांगली तितकी किंमत जास्त. गार वारा लागू नये म्हणून उंच फळ्यांचे, दार असलेले बाक, दारावर नंबर, कधी कुलूपसुद्धा. भाडं घेणाऱ्यांची बाजू अगदीच खोटी नव्हती, पाळकाचा पगार, छपराची दुरुस्ती यातूनच निघायची आणि दुसरं उत्पन्न नव्हतं. पण परिणाम बघा. इंग्लंडमध्ये बाकाचं दार उघडून देणारी एक बाई असायची, बऱ्याचदा वयस्कर आणि स्वतः गरीब, आणि अनोळखी माणूस आला की त्याच्या कपड्यांकडे बघून, मिळणाऱ्या बक्षिशीचा अंदाज घेऊन त्याला कुठं बसवायचं हे तीच ठरवायची. याकोबाचा उतारा पुढं वाचला जात असताना मागं हे चालू.

1818 मध्ये ब्रिटिश संसदेनं नवीन चर्चसाठी दहा लाख पौंड दिले तेव्हा काही जागा फुकट ठेवायची अट घातली. वाटलं प्रश्न सुटला. झालं उलटंच, फुकट जागा मागच्या बाजूला किंवा मधल्या वाटेत, कडक बाकडी, त्यावर तसं लिहिलेलं, म्हणजे तिथं बसणं म्हणजे सगळ्यांसमोर 'मी गरीब' अशी पाटी लावून घेणं, मग जे थोडे स्वाभिमानी होते त्यांनी यायचंच सोडलं. 1851 च्या धार्मिक जनगणनेत फुकट जागा आणि इतर जागा असे वेगळे रकाने होते आणि अहवालात कामगार वर्ग चर्चपासून दूर राहण्याच्या कारणांमध्ये ही बाकांची पद्धत आणि त्यातून दिसणारा उच्चनीचपणा स्पष्ट लिहिलाय.

अमेरिकेत त्यात रंगाचा प्रश्न. अठराव्या शतकाच्या शेवटी फिलाडेल्फियात काळ्या उपासकांना प्रार्थना चालू असताना गुडघ्यांवरून उठवायला लागले, कारण ते 'त्यांच्या' जागी नव्हते. ते बाहेर पडले, आणि 1816 मध्ये त्यातूनच स्वतंत्र संप्रदाय उभा राहिला. 1860 मध्ये न्यूयॉर्क राज्यात आणखी एक संप्रदाय निघाला ज्याच्या नावातच 'फ्री' होतं, त्यात बाक सगळ्यांना मोफत हाही एक अर्थ. पण याच लोकांनी साध्या कपड्यांचा नियम कडक केला, आणि ते ज्या मेथडिस्ट परंपरेतून निघाले तिच्या आधीच्या पिढ्यांत तर मोठ्या टोप्या, झालरी किंवा अंगठ्या घातलेल्यांना सभेचं तिकीट द्यायचं नाही असा लेखी नियमच होता. म्हणजे आता अंगठीवाला बाहेर! लेवीय 19:15 ची दुसरी बाजू कोणी वाचतच नाही ती अशी.

भाडं हळूहळू गेलं, काही ठिकाणी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकलं, त्याची जागा साप्ताहिक दानाच्या पाकिटांनी घेतली. मग वेलकम टीम आली, दारात हसून हात मिळवणारे लोक आले.

17 जून 2015 ला साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमध्ये बुधवारच्या बायबल अभ्यासाला एक अनोळखी गोरा तरुण आला. चर्च त्याच 1816 च्या संप्रदायाचं, ज्याची सुरुवात जागेवरून उठवण्यातून झाली होती. त्यांनी त्याला पाळकाच्या शेजारी जागा दिली. साधारण तासभर तो बसला आणि मग त्यानं गोळ्या झाडल्या, नऊ जण गेले. पुढच्या बुधवारी अभ्यास परत भरला.

त्यानंतर अनेक चर्चमध्ये वेलकम टीमच्या बाजूला सिक्युरिटी टीम उभी राहिली. उन्हाळ्यात जाड कोट, मोठी बॅग, ओळखीचा नसलेला चेहरा, यादी बघितली तर बाक उघडणाऱ्या बाईचीच वाटते, फक्त बक्षिशीच्या जागी भीती. वाद चालू आहे. ट्रेनिंग देणारे बरेच जण आता सांगतात की चेहरा आणि कपडे सोडा, वागणं बघा आणि मुख्य म्हणजे हात बघा. याकोबाच्या दारातला माणूसही बोटंच बघत होता म्हणा.